न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : शिक्षणाची अमानत



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोरीबंदरातून, बाहेर पडून आपण रस्त्यापलीकडे नजर टाकलीत, तर दगडी कमानींची एक भारदस्त जुनी इमारत आपणास दिसेल. ती अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेची इमारत होय. रोज हजारो माणसे घाईघाईने तिच्यासमोरून जातात. परंतु ती संस्था उभी करण्यासाठी ज्यांनी आयुष्याची तीसाहून अधिक वर्षे वेचली, त्या न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींविषयी आपल्यापैकी कितीजणांना चार वाक्ये सांगता येतील? पाठ्यपुस्तकात काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष म्हणून त्यांचा एका ओळीत उल्लेख येतो. विद्यार्थी ती ओळ पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि विषय तेथेच संपतो.

त्यांचे चरित्र आज आपणापुढे ठेवतो आहे, ते केवळ एका थोर पुरुषाचे गुणगान करावे म्हणून नव्हे. मुलगा दहावी झाला, आता पुढे शिकून काय करायचे आहे, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. मुलीच्या बाबतीत तर तो विचारलाही जात नाही. उत्तर आधीच ठरलेले असते. उच्च शिक्षणाने तरुण माणसाचे काय होते, आणि एका माणसाच्या शिकण्यातून सबंध समाजाला न्याय कसा मिळू शकतो, याचे उत्तर या एका आयुष्यात सापडते. म्हणून हा प्रपंच.

वडिलांचा निर्णय

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यबअली भाईमियाँ हे सुलेमानी बोहरा जमातीतील व्यापारी. घराण्याचे मूळ खंबायतचे. तय्यबअली हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. पण त्याबरोबरच ते काळाची पावले ओळखणारेही होते. तो काळ कसा होता, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर मुसलमान समाज खचलेला व धास्तावलेला होता. इंग्रजी शिकणे म्हणजे धर्मापासून दूर जाणे, अशी समजूत सर्वत्र होती. ज्या वर्षी उठाव झाला त्याच वर्षी मुंबई, कलकत्ता व मद्रास या तिन्ही ठिकाणी विद्यापीठे स्थापन झाली. पण त्यांच्या दाराशी जाणाऱ्यांत आपली मुले अगदी क्वचित दिसत.

अशा वेळी तय्यबअलींनी आपल्या मुलांना विलायतेस पाठवून शिकविण्याचा निश्चय केला. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडात शिकून मुंबईतील पहिले हिंदी सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी आधी मदरशात उर्दू व फारसीचे धडे घेतले आणि मग ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. म्हणजे मदरसा सोडून शाळा नव्हे, तर मदरशाच्या पायावर शाळा, असा हा क्रम होता. दीन आणि दुनिया यांत त्या वडिलांना भांडण दिसले नाही. मुलांनाही ते पुढे कधी दिसले नाही.

पालकबंधूंनो, येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. बद्रुद्दीन तय्यबजी घडले त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या बुद्धीपासून झाली नाही. एका वडिलाने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीला न घाबरता जो निर्णय घेतला, तेथून ती झाली.

डोळ्यांशी झुंज

वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८६० मध्ये, बद्रुद्दीन इंग्लंडला गेले. तत्पूर्वीच त्यांचे डोळे दुखू लागले होते, आणि त्यासाठी फ्रान्समध्ये उपचारही झाले होते. लंडनमध्ये शालेय शिक्षण पुरे करून ते लंडन विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८६३ मध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातले.

पुढे दोन-तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन परतावयाचे, असा सरळ हिशेब होता. पण डोळ्यांनी दगा दिला. कायद्याचा अभ्यास म्हणजे बारीक टाईपातले जाडजूड ग्रंथ. आणि ज्याला ते वाचायचे, त्याचीच दृष्टी मंदावत चाललेली. १८६४ च्या अखेरीस त्यांना अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परत यावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या वीस वर्षांच्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरचा व्यापार तयार होता, भाऊ सॉलिसिटर होता, पोटापाण्याची चिंता नव्हती. प्रकृतीचे कारणही खरे होते. तो घरीच राहिला असता तर त्याला कोणीही नावे ठेवली नसती. मुंबईत त्याचे लग्नही झाले. तरीसुद्धा १८६५ मध्ये तो पुन्हा बोटीत बसला, लंडनला गेला, अर्धवट राहिलेला अभ्यास त्याने हाती घेतला आणि १८६७ मध्ये तो बॅरिस्टर झाला. डोळ्यांचे दुखणे मात्र आयुष्यभर सोबत राहिले.

एखादे वर्ष वाया गेले, आजारपण आले, एक विषय राहिला, की कॉलेज सोडून देणारे किती तरी विद्यार्थी आपण पाहतो. मध्ये खंड पडणे ही नापसंतीची गोष्ट असेल, पण तो शेवट नव्हे. शेवट होतो तो आपण परत न जाण्याने.

लंडनमधील सोबत

विद्यापीठाचे शिक्षण म्हणजे केवळ पुस्तके आणि परीक्षा नव्हेत. तेथे माणूस कोणाच्या सोबतीने वाढतो, यालाही फार महत्त्व आहे. लंडनमध्ये त्या वेळी दादाभाई नौरोजी राहत असत. ते मूळचे एल्फिन्स्टनमधील गणिताचे प्राध्यापक. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते गुजराती शिकवीत. हिंदुस्थानातून येणाऱ्या तरुणांना त्यांचे घर हा मोठा आधार असे. त्या वर्तुळात बंगालचे व्योमेशचंद्र बॅनर्जी होते, मुंबईचे फिरोजशहा मेहता होते आणि आपले बद्रुद्दीनही होते. आपापल्या प्रांतात राहिले असते तर या तरुणांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. एक बंगाली ब्राह्मण, दोघे पारशी, एक मुसलमान. शिक्षणाने त्यांना एका टेबलाभोवती आणले. तेथे त्यांनी इंग्लंडचे कायदे अभ्यासले आणि जो कायदा इंग्रज माणसाला त्याच्या देशात संरक्षण देतो तो हिंदी माणसाला आपल्या देशात का देत नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात मूळ धरू लागला.

पुढे काय झाले पाहा. १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, भरली तेव्हा पहिले अध्यक्ष झाले व्योमेशचंद्र बॅनर्जी. १८८६ मध्ये कलकत्त्याला दुसरे अध्यक्ष झाले दादाभाई नौरोजी. १८८७ मध्ये मद्रासला तिसरे अध्यक्ष झाले बद्रुद्दीन तय्यबजी. फिरोजशहा मेहतांची पाळी १८९० मध्ये आली. वीस-बावीस वर्षांपूर्वी परक्या शहरात जुळलेला हा स्नेह होता. विद्यार्थिदशेत जोडलेली माणसे राष्ट्राच्या कामाला कशी येतात, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

एकटा हिंदी बॅरिस्टर

१८६७ च्या अखेरीस बद्रुद्दीन मुंबईस परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. त्या काळी बॅरिस्टरांची जागा ही गोऱ्यांची मक्तेदारी होती. हिंदी माणूस ते काम करू शकेल, यावर हिंदी पक्षकारांचाच विश्वास नव्हता. अशा वातावरणात त्यांनी संयमाने आणि कसून तयारी करण्याच्या सवयीने आपले स्थान निर्माण केले, आणि काही वर्षांतच त्यांची गणना मुंबईच्या अग्रगण्य कायदेपंडितांत होऊ लागली. त्यांची छायाचित्रे पाहिलीत तर दाढी आणि डोक्यावर फेटा, अशी अस्सल देशी मूर्ती आपणास दिसेल. विलायतेचे ज्ञान त्यांनी घेतले. पण त्यासाठी आपले रूप टाकून दिले नाही.

पैसा येऊ लागला, मान मिळू लागला. सर्वसाधारण माणसाची गोष्ट येथे संपते. शिक्षण झाले, व्यवसाय जमला, बंगला झाला, आता आणखी काय हवे? बद्रुद्दीन तय्यबजींची खरी गोष्ट मात्र येथे सुरू होते.

१८७३ मध्ये ते मुंबई म्युनिसिपालिटीत निवडून गेले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या सिनेटचे ते सभासद झाले आणि अनेक वर्षे राहिले. १८८२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाचे प्रकरण पेटले. गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालावा की नाही, असा तो वाद होता. आमचा न्याय काळ्या माणसाने करू नये, असे गोऱ्या लोकांचे म्हणणे. त्या वेळी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये जी प्रचंड सभा झाली, तीत तय्यबजी, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या तिघांनी कायद्यासमोर सर्व सारखे, या तत्त्वाची बाजू मांडली. एक मुसलमान, एक पारशी, एक हिंदू. आणि तिघेही एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले. १८८५ मध्ये याच तिघांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली.

शिडी मागे ठेवणारा माणूस

परंतु सिनेटमध्ये बसताना एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली असली पाहिजे. ज्या विद्यापीठाचे ते सभासद होते, त्याच्या पदवीधरांच्या यादीत आपल्या समाजाची नावे फारच थोडी होती. आपण वर आलो, आपले भाऊ वर आले. पण डोंगरी-भेंडीबाजारच्या गल्लीतल्या मुलाचे काय? त्याचे वडील काही त्याला विलायतेला पाठवू शकत नव्हते.

या प्रश्नातून १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेचा जन्म झाला. कमरुद्दीन व बद्रुद्दीन हे दोघे तय्यबजी बंधू, कोकणी मुसलमानांतील प्रतिष्ठित व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे, आणि शिक्षणाच्या ध्यासाने झपाटलेले मुन्शी गुलाम महंमद हे या कामात प्रमुख होते. त्या वेळी बोहरा, कोकणी, मेमन, खोजा अशा प्रत्येक जमातीची स्वतंत्र चूल असे. आपल्या जमातीपलीकडे पाहण्याची रीत नव्हती. अंजुमनने प्रथमच या सर्वांना शिक्षणाच्या एका कामासाठी एकत्र आणले.

१८८० मध्ये संस्थेची शाळा सुरू झाली. तेथे उर्दू-फारसी व धर्मशिक्षण होते, आणि त्याच्या जोडीला इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोलही होते. ज्या क्रमाने वडिलांनी त्यांना शिकविले होते, तोच क्रम त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळेच्या रूपाने उभा केला. १८८२ मध्ये सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकरी व शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली होती, हे आपणास ठाऊक असेल. तय्यबजींनी तेथे मुसलमानांच्या शिक्षणाची बाजू मांडली. फुल्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता, तय्यबजींचे लक्ष आपली मुले विद्यापीठापर्यंत कशी पोहोचतील याकडे होते. पण दोघांच्या मागणीतला गाभा एकच होता. जो मागे राहिला आहे, त्याला सर्वांबरोबर पळ म्हणून सांगणे हा न्याय नव्हे. त्याला आधी पळण्याच्या रेषेवर आणून उभे केले पाहिजे. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी खास उपाय सुचविले, त्यामागे अशा प्रयत्नांचा मोठा वाटा होता.

कमरुद्दीन यांच्यानंतर बद्रुद्दीन अंजुमनचे अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. बोरीबंदरासमोरील इमारतीची कोनशिला १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते बसली आणि १८९३ मध्ये लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एवढ्या मोक्याची जागा आणि एवढी मोठी वास्तू मिळविण्यासाठी सरकारकडे किती खेटे घालावे लागले असतील आणि किती दारांशी वर्गणीसाठी उभे राहावे लागले असेल, याची कल्पना कोणतीही शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांना सहज येईल. हायकोर्टात ज्यांच्या शब्दाला वजन होते, ते बॅरिस्टर समाजाच्या मुलांसाठी याचक झाले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

वाचकहो, मी या लेखाला अमानत हा शब्द वापरला, तो यासाठी. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. ती आपल्या हाती असते, पण आपली नसते. वेळ येताच ती ज्याची त्याला परत करावी लागते. तय्यबजींनी आपल्या शिक्षणाकडे असेच पाहिले. ते स्वतः शिडीने वर गेले आणि वर गेल्यावर शिडी ओढून घेतली नाही. उलट ती अधिक रुंद करून खाली लावून ठेवली.

मतभेद, पण वैर नाही

१८८७ च्या डिसेंबरमध्ये तय्यबजी मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. आपला समाज अजून शिक्षणात मागे आहे, आधी त्याने शिकावे, राजकारणात पडू नये, असे सर सय्यद यांचे मत. शिक्षण हवेच, पण इतर देशबांधवांच्या बरोबरीने सार्वजनिक कामात भाग घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असे तय्यबजींचे मत. एकाने अलीगढचे कॉलेज उभारले, दुसऱ्याने मुंबईचे अंजुमन. दोघेही समाजाचे हितचिंतक. तय्यबजींनी सर सय्यद यांना पत्रे लिहून आपली बाजू सभ्यपणे मांडली. मन वळले नाही, तरी आदर सोडला नाही.

त्याच वेळी त्यांनी काँग्रेसलाही एक गोष्ट पटवून दिली. एखाद्या समाजाचे प्रतिनिधी जवळजवळ एकमताने ज्या विषयाला विरोध करतात, तो विषय सभेने चर्चेस घेऊ नये, असा नियम १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात मंजूर झाला. बहुमताच्या जोरावर सर्व काही करता येते, पण तसे करू नये. संख्येने थोडे असलेल्यांनाही सभेत निर्धास्तपणे बसता आले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. हा विचार शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कमिटीपासून देशाच्या संसदेपर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारा आहे.

न्यायासनावर

१८९५ मध्ये तय्यबजींची मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्या कोर्टातील ते पहिले मुसलमान न्यायाधीश होत. दोनच वर्षांत त्यांच्यापुढे एक असे प्रकरण आले, की ज्याने त्यांच्या शिक्षणाची खरी परीक्षा पाहिली.

१८९७ साल. पुण्यात प्लेगने हाहाकार उडाला होता. प्लेग निवारणाच्या नावाखाली झालेल्या जुलमाने लोक संतापले होते. जून महिन्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार बिथरले. 'केसरी'तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून जुलैच्या अखेरीस त्यांना अटक करण्यात आली. जामिनासाठी केलेले आधीचे अर्ज नामंजूर झाले होते. नंतर टिळकांचे वकील दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला.

परिस्थिती कशी होती ती लक्षात घ्या. सरकारची इच्छा उघड होती. आधीचे नकार समोर होते. टिळकांचे राजकारण वेगळे, तय्यबजींचे वेगळे. १८९३ च्या मुंबईतील दंग्यानंतर दोन्ही समाजांत दुरावाही आलेला होता. अर्ज फेटाळला असता तर न्यायमूर्तींना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी फक्त कायद्याचा विचार केला. खटला उभा राहण्यास अवकाश आहे, तोवर आरोपीला कोठडीत ठेवले तर त्याला बचावाची तयारी करता येणार नाही. आणि उद्या तो निर्दोष सुटला, तर भोगलेली कैद त्याला कोण परत देणार? आरोपी खटल्याला हजर राहील एवढी खात्री असली की पुरे. ४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी लोकमान्यांना जामीन मंजूर केला.

पुढे दुसऱ्या न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे सर्वश्रुत आहे. पण त्या जामिनाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आपल्या मताच्या माणसाला न्याय देणे सोपे असते. ज्याचे मत आपल्याहून वेगळे, ज्याचा समाज वेगळा, ज्याच्यावर सरकारचा राग, त्याला त्याचा हक्क देणे, ही सुशिक्षितपणाची कसोटी होय. सामाजिक न्याय हा शब्द आज आपण भाषणांत फार ऐकतो. तो मोठमोठ्या घोषणांत नसतो. योग्य जागी योग्य शिक्षण घेतलेला, न घाबरणारा माणूस बसलेला असतो, तेव्हा तो मिळतो. अशी माणसे समाजात असावी असे वाटत असेल, तर त्यांना विद्यापीठापर्यंत पोहोचवावे लागेल.

१९०२ मध्ये तय्यबजींनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होते.

मुलींचा प्रश्न

१९०३ मध्ये मुसलमानांची शिक्षण परिषद मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तय्यबजी होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रहाने पुरस्कार केला आणि धर्माने सांगितल्यापलीकडे जाऊन बायकांना कोंडून ठेवणाऱ्या पडद्याला विरोध दर्शविला. हे बोलणे तेव्हा सोपे नव्हते. परंतु त्यांना ते बोलण्याचा अधिकार होता, कारण त्यांनी आधी ते आपल्या घरी केले होते. त्यांनी आपल्या मुलींना शिकविले. इतकेच नव्हे, तर मुलांप्रमाणे मुलींनाही शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. त्यांच्या घराण्यात रोजच्या घडामोडी वहीत लिहून ठेवण्याची प्रथा होती, आणि त्या वह्यांत पुरुषांबरोबर बायका व मुलेही लिहीत असत. ज्या घरात मुलीच्या हाती लेखणी दिली जाते, त्या घराला वेगळ्या सुधारणेची गरज पडत नाही.

डोळ्यांच्या आजाराने त्यांना पुन्हा इंग्लंडला नेले, आणि १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराने त्यांचे लंडन येथे निधन झाले. ज्या शहरात विद्यार्थी म्हणून ते गेले होते, तेथेच आयुष्याची अखेर झाली. त्यांचे पुतणे व जावई अब्बास तय्यबजी बडोद्याच्या न्यायासनावरून उतरून पुढे गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाचे नातू बद्रुद्दीन तय्यबजी १९६२ ते १९६५ या काळात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. आजोबांचा सर सय्यद यांच्याशी मतभेद, आणि नातू सर सय्यद यांच्याच विद्यापीठाचा कुलगुरू. शिक्षणाच्या मार्गावर मतभेद असे मिटतात.

आपल्यापुढील काम

येथे एखादे पालक म्हणतील, गुरुजी, ते श्रीमंत बापाचे चिरंजीव होते. आम्हा हातावर पोट असणाऱ्यांना त्यांचे उदाहरण काय कामाचे? शंका रास्त आहे. तय्यबजींना जे मिळाले ते त्यांच्या वडिलांच्या पैशामुळे मिळाले, यात संशय नाही. पण म्हणूनच तर त्यांनी अंजुमन काढले. वडिलांकडे पैसा नसलेल्या मुलालाही तेच मिळावे, हाच त्यांचा उद्देश होता. अंजुमनसारख्या आणि आपल्या या संस्थेसारख्या शिक्षणसंस्था ज्या कोणाच्या पुण्याईने उभ्या आहेत, ती माणसे आपल्यासाठीच शिडी लावून गेली आहेत. आता प्रश्न एवढाच, की आपण तिच्यावर पाय ठेवणार की नाही.

तय्यबजींच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या २००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमाच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दर पन्नासांत एकच मुसलमान विद्यार्थी असल्याचे त्या समितीला आढळले. वीस वर्षे वयावरील मुसलमानांत पदवी वा पदविका मिळविलेल्यांचे प्रमाण शेकडा चारांहून कमी होते. म्हणजे तय्यबजींना सिनेटमध्ये जी खंत वाटली, ती शंभर वर्षांनंतरही शिल्लक होती. त्यानंतर आपल्या मुलामुलींनी बरीच वाटचाल केली आहे, हे मी शिक्षक या नात्याने समाधानाने सांगू शकतो. विशेषतः मुली पुढे येत आहेत. परंतु आठवी-नववीनंतर गॅरेजात, दुकानात किंवा आखाताच्या स्वप्नात हरवणारी मुले आजही वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून मोजता येतात.

पालकहो, मुलगा कामाला लागला की घरात चार पैसे लवकर येतात, हे खरे आहे. ती गरज मी नाकारीत नाही. पण तो चार वर्षे अधिक शिकला, तर त्याच्याबरोबर घरातील धाकटी भावंडे शिकतात, गल्लीतली दोन मुले त्याच्याकडे पाहून शिकतात, आणि उद्या तहसील कचेरीत, दवाखान्यात, कोर्टात आपले म्हणणे मांडणारा एक माणूस मोहल्ल्यात तयार होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे मिळतो, कोणती कागदपत्रे लागतात, हे विचारायला संस्थेच्या कार्यालयात येण्यास कृपया संकोच करू नका. मागणे हक्काचे असेल तर त्यात लाज कसली? तय्यबजींनीही समाजासाठी मागितलेच होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे पदवीधर होतील, त्यांच्याकडून एकच अपेक्षा आहे. पदवीच्या कागदावर नाव तुमचे असेल, पण त्यामागे आईचे दागिने असतील, वडिलांचा ओव्हरटाईम असेल, कोणा अनोळखी दात्याची वर्गणी असेल. ती अमानत आहे. नोकरी लागल्यावर वर्षातून एका मुलाची फी भरा, रविवारी दोन तास कोणाला गणित शिकवा, बहिणीच्या कॉलेजप्रवेशासाठी घरात शब्द टाका. आणि खुर्चीवर बसाल तेव्हा समोरचा माणूस आपला की परका हे न पाहता त्याचे काम न्यायाने करा. तेवढे केलेत, तर विद्यापीठाने तुम्हाला घडविले असे खुशाल म्हणता येईल.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि त्या इल्माचे ऋण फेडण्याची तौफीक देवो.